रकान्यात न मावलेलं

९ जुलै

रात्रपाळी करून आले. सकाळी हँडओव्हर देताना नेहमीसारखंच म्हणाले, "तीन नंबर. १७ एमएल, दर दोन तासांनी, नळीने. उलटी नाही, पोट मऊ." पुढच्या पाळीच्या सिस्टरने मान हलवली आणि आम्ही चार नंबरकडे सरकलो.

बसमध्ये बसल्यावर चुटपुट लागली. रात्रभर त्या बाळापाशी होते आणि सांगितलं काय, तर दुधाचं माप. पहाटे साडेचारला त्याने मूठ तोंडाशी नेली, ओठांवरून जीभ फिरवली आणि डोळे किलकिले करून दोन-तीन मिनिटं जागं राहिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. फीडच्या शीटवर वेळ, एमएल, लघवी, शी, उलटी एवढे रकाने आहेत. ती मूठ कुठल्या रकान्यात लिहायची? म्हणून ही वही उघडली.

बाळ १८ जूनचं. २९ आठवड्यांचं जन्मलं, १,१२० ग्रॅम. आज ३२ आठवडे पूर्ण झाले, वजन १,२९०. किलोमागे दिवसाला १६० एमएल धरलं की दिवसाचं दूध २०६ एमएलच्या आसपास होतं, बाराने भागलं की १७. हा हिशेब वाढीचा, तो आम्ही करतो. तोंडाने प्यायचं कधी आणि किती, हे मात्र बाळाकडूनच समजून घ्यावं लागणार.

११ जुलै

तीन नंबरच्या आईला आज दूध काढून रिकामी केलेली छाती बाळाच्या तोंडाशी धरायला सांगितली. ती घाबरली. "सिस्टर, ठसका लागला तर?" आता थेंब-दोन थेंबच येतील असं समजावल्यावर तयार झाली. बाळ कांगारूच्या पट्ट्यात तिच्या छातीशी, गाल कातडीला टेकलेला. वर धरलेल्या सिरिंजमधून १७ एमएल आपल्या गतीने नळीत उतरत होतं आणि बाळ चोखत होतं. पोट भरणं आणि चोखणं या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या की बाळाच्या मनात त्यांची जोडी जमते.

"चोखतंय की मग! नळी काढायची का?" तिने विचारलं. प्रश्न रास्त होता. तिला सांगितलं ते इथेही लिहून ठेवते. पोटात असताना बाळ गर्भजल गिळायला फार लवकर शिकतं, चोखायलाही शिकतं. उशिरा जमते ती चोखणं, गिळणं आणि श्वास यांची सांगड. गिळताना श्वास क्षणभर थांबतोच. नुसतं चोखताना बाळ सेकंदाला दोनदा चोखतं, पण तोंडात दूध आलं की वेग साधारण निम्म्यावर येतो, कारण मध्ये गिळायचं असतं आणि श्वासही घ्यायचा असतो. दिवस भरून आलेल्या बाळाला हा ताल जन्मतःच असतो. या बाळाला अजून श्वासाची जागा सापडायची आहे. ३४ आठवड्यांच्या सुमारास ती सापडू लागते, पण सगळ्या बाळांना एकाच दिवशी नाही.

तिने बाळाच्या डोक्यावरची टोपी नीट केली आणि म्हणाली, "बरं. शिकू दे त्याला."

१४ जुलै

वजन १,३८०. नवीन आलेल्या सिस्टरने विचारलं, "मॅडम, बाळ भुकेलंय हे कळायचं कसं? ही बाळं तर रडतच नाहीत."

खरं आहे. रडणं ही भुकेची शेवटची हाक. इतक्या लवकर आलेल्या बाळात पुष्कळदा रडण्याएवढी ताकद नसते, आणि रडलंच तर मग पिण्याएवढी उरत नाही. आपण त्याच्याआधीच्या खुणा बघायच्या. वहीच्या मागच्या पानावर तिच्यासाठी दोन याद्या केल्या.

"हो" म्हणतंय: आपणहून जाग येते. हात तोंडाकडे जातात. गालाला बोट लागलं की त्या बाजूला तोंड वळवून शोधतं. जीभ बाहेर येते, ओठ मिटतात-उघडतात. हातपाय जवळ घेतलेले, अंगात जोर आहे. श्वास शांत आहे.

"पुरे" म्हणतंय: भुवया वर जातात, कपाळाला आठ्या पडतात. पंजा उघडतो आणि बोटं फाकतात, एखाद्याला हाताने थांबवावं तशी. जांभई. उचकी. तोंड फिरवतं. ओठांच्या कडेने दूध ओघळतं. नाकपुड्या फुलतात. ओठांभोवती निळसर छटा येते. आणि सगळ्यात फसवी खूण म्हणजे हातपाय ढिले सोडून एकाएकी झोपणं. आपल्याला वाटतं पोट भरलं. पुष्कळदा ते थकून मिटलेलं असतं.

बाळाच्या वागण्याकडे त्याचं बोलणं म्हणून बघायचं, हा विचार अमेरिकेत बॉस्टनला हायडेलिझ आल्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात नीट मांडला. मला तो नोकरीला लागून बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणात कळला. मॉनिटरचा आकडा घसरतो तो या खुणांच्या नंतर. बाळ आधी सांगतं, मशीन मागाहून ओरडतं.

१७ जुलै

काल चार आठवड्यांचं झालं, म्हणून आज डोळ्यांची तपासणी झाली. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात, वेळेत कळलं नाही तर दृष्टी जाऊ शकते. त्यामुळे ही तपासणी चुकवायची नाही. पण बाळाला ती सोसत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब, प्रखर उजेड, पापण्या ताणून धरणं. मी साखरेच्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवला, दोन्ही हातांनी त्याला गुंडाळून धरलं, तरी थरथरत होतं.

डोळ्यांची वाढ ठीक आहे, पुढची तपासणी दोन आठवड्यांनी. त्यानंतर दिवसभर बाळाने एकदाही तोंड उघडलं नाही. आईने विचारलं, "आज छातीशी धरू का?" मी म्हटलं, धरा, पण नुसतं धरा. आज दूध सगळं नळीने. कालपर्यंत शोधत होतं म्हणून आजही शोधलंच पाहिजे, असा आग्रह धरता येत नाही.

१९ जुलै

३३ आठवडे ३ दिवस. १,४७० ग्रॅम. आज तोंडाने ४ एमएल!

सकाळी आजी गावाहून आल्या, पदराच्या गाठीत चांदीचं बोंडलं बांधून. "ह्येच्यातनं ह्येचा बाप प्यालाय. ह्येच्यातनंच पाजा." मी हातात घेऊन पाहिलं. लहानशा होडीसारखं, चोच वापरून वापरून गुळगुळीत झालेली. आमच्याकडची पलाडई म्हणजे याचंच दक्षिणेकडचं भावंड. त्यांना सांगितलं, "आजी, हेच साधन आम्ही वापरतो. फक्त इथलं उकळून घेतलेलं असतं." त्यांना बरं वाटलं. बाटलीला आम्ही विभागाची पायरी चढूच देत नाही. बाटलीच्या बोंडीने संसर्गाची भीती, शिवाय आईच्या छातीला लागायला अडचण. दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करायला तर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदीच आहे.

बाळ जागं होतं, जीभ काढत होतं. पाठीला आणि मानेला आधार देऊन जवळजवळ बसतं धरलं. पलाडईची चोच खालच्या ओठावर टेकवली, दूध ओठाला लागेल इतकंच तिरकं केलं आणि थांबले. ओतायचं नाही. ओतलं की गिळण्यावाचून त्याच्यापुढे मार्ग उरत नाही, श्वासाची वेळ असो वा नसो. ते आपल्या जिभेने ओढून घेतं का, हे बघायचं. अर्ध्या मिनिटाने जीभ पुढे आली. एक घोट. मग श्वास, एक, दोन, तीन. मग दुसरा घोट. ४ एमएल व्हायला अकरा मिनिटं लागली. मग भुवया वर गेल्या. मी पलाडई बाजूला केली.

"एवढंसंच? पोटाला पुरतंय व्हय त्येच्या?" आजींचा जीव वरखाली होत होता. उरलेले १६ एमएल नळीने गेले ते त्यांना दाखवलं. तरी जाताना म्हणाल्या, "आमच्या टायमाला असलं नव्हतं. वतायचं आणि गिळायचं."

२२ जुलै

लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

काल रात्री पाळीला दोघीच होत्या आणि वॉर्मरवर नऊ बाळं. पहाटे पाचचं फीड नव्या सिस्टरने दिलं, पूर्ण २० एमएल तोंडाने. बाळाने पहिले ८ आनंदाने घेतले, म्हणून तिला वाटलं आज जमतंय. मग ते झोपलं. तिने तळव्याला टिचकी मारून जागं केलं आणि उरलेलं दिलं. शेवटच्या घोटांना ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ७१ वर आलं, हृदयाचे ठोके ८४. तिने लगेच थांबून बाळाला कुशीवर घेतलं, तोंड साफ केलं, ऑक्सिजन धरला. मिनिटभरात सावरलं. डॉक्टर सरांनी फुप्फुसं तपासली, स्वच्छ आहेत. आज आणि उद्या तोंडाने काही नाही.

ती कपडे बदलायच्या खोलीत रडत होती. मी शेजारी बसले आणि तिला माझी गोष्ट सांगितली, जी मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

पंधरा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका रुग्णालयात होते. तिथे वाटी रिकामी झाली की फीड झालं. जी सिस्टर लवकर संपवी ती हुशार. मी हुशार होते. टिचकी मारून उठवायचं, हनुवटी धरून तोंड उघडायचं, चमचा मागे नेऊन दूध सोडायचं, हे सगळं मी केलंय. एक बाळ महिन्याभराने घरी गेलं, वजन छान वाढलेलं. पुढे ओपीडीत त्याची आई भेटली. म्हणाली, "सिस्टर, हा चमचा पाहिला की तोंड फिरवतो. उलटी काढतो. जेवणाच्या वेळी घरात रोज रडारड." त्या मुलाच्या तोंडाला काही झालेलं नव्हतं. तोंडाजवळ काही आलं की आपलं कोणी ऐकत नाही, एवढं तो आमच्याकडे शिकून गेला होता.

तिला म्हटलं, तुझा हात वाईट नाही. आपलं शीट तुला फक्त एमएल विचारतं, तू त्याचंच उत्तर दिलंस.

२५ जुलै

१,५५० ग्रॅम. दोन दिवसांत फक्त १० ग्रॅम वाढ. राउंडला सर थांबले. "सिस्टर, असं चाललं तर घरी कधी जाणार? बाहेर दोन बाळं बेडची वाट बघतायत."

त्यांची काळजी खोटी नाही. मी सांगितलं, दूध एक थेंबही कमी जात नाही, उरलेलं प्रत्येक वेळी नळीने देतोय. पण पिणं हे या बाळाला कष्टाचं काम आहे. प्रत्येक फीडला प्रयत्न केला तर पोटात गेलेलं पिण्यातच खर्च होणार. सरांनीही वाचलेलं सांगितलं: बाळाच्या खुणांवर पाजलं तर पूर्ण तोंडाने पिण्याचा टप्पा थोडा आधी येऊ शकतो, पण वजनाची वाढ काहीशी मंदावू शकते, आणि याबाबतचा पुरावा अजून फार भक्कम नाही. मला हे प्रामाणिक बोलणं आवडलं. मग दोघांनी मिळून ठरवलं: खुणा दिसतील तेव्हाच तोंडाने, आणि वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. खुणा दिसल्या नाहीत तर विनातक्रार नळी. आईच्या दुधात पोषण वाढवणारं फॉर्टिफायर चालू ठेवायचं. वजन रोजच्या आकड्यावर न तोलता आठवड्याच्या सरासरीवर बघायचं.

राउंडनंतर फीड शीटच्या कडेला पट्टीने एक रकाना आखला. वर लिहिलं, "बाळ कसं होतं?"

२७ जुलै

तीन दिवस पाऊस खळलेला नाही. राजाराम बंधारा कधीच पाण्याखाली गेला, पंचगंगा रस्त्यांकडे सरकतेय. गावाकडच्या सिस्टर येऊ शकल्या नाहीत, मी सलग दुसरी पाळी केली. इतक्या कमी हातांनी नऊ बाळं कशी सांभाळायची?

आयांनी सांभाळली. सहा आया सकाळी कांगारूच्या खुर्च्यांवर बसल्या त्या संध्याकाळपर्यंत, आळीपाळीने जेवून. मी मोठे दिवे मालवले, मॉनिटरचे आवाज चालतील तेवढे खाली आणले. दुपारी विभागात पावसाचा आवाज ऐकू येत होता, एरवी तो कधी येत नाही.

कांगारू पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियात, बोगोटा शहरात सुरू झाली. डॉ. एडगर रे यांच्याकडे इन्क्युबेटर पुरत नव्हते, म्हणून त्यांनी बाळं आयांच्या छातीशी बांधली. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ साली छापून आलेला अभ्यास भारतासह पाच देशांत झाला. बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मताच आईच्या छातीशी दिलं तर मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले. आज मी जे पाहिलं ते त्याहून लहान, पण माझ्यासाठी मोठं. तीन नंबर दिवसभरात पाच वेळा आपणहून जागं झालं. वॉर्मरवर ते दोनदा होतं. ज्या बाळाला शांत झोप मिळते, त्याला नीट जागही येते.

३० जुलै

३५ आठवडे. १,६६० ग्रॅम. आज अंगावर पाजायला घेतलं, या वेळी छाती रिकामी न करता.

पहिला प्रयत्न फसला. बाळाने चार-पाच वेळा चोखलं, आईला पान्हा फुटला आणि दुधाची धार एकदम आली. बाळ गडबडलं, बोटं फाकली. आईने लगेच त्याला सरळ धरलं. ती रडवेली झाली. "माझंच दूध त्याला जास्त झालं!" सहा आठवड्यांपूर्वी हीच बाई वाटीत चिकाचे चार थेंब बघून रडली होती. तेव्हापासून दिवसा-रात्री मिळून आठ वेळा दूध काढत आलीय, म्हणून आज हा पान्हा.

दुसऱ्यांदा आधी थोडं दूध काढून पहिला जोर जाऊ दिला. बाळाला कुशीवर, कान-खांदा-कंबर एका रेषेत धरलं. पाच-सहा घोट झाले आणि श्वासासाठी ते स्वतः थांबत नाही असं दिसलं की आई त्याला हलकेच मागे घेई, श्वास झाला की पुन्हा. चौथ्या-पाचव्या वेळी बाळ आपणहून थांबलं, तोंड न सोडता. तीन श्वास. पुन्हा चोखू लागलं. मी आईकडे पाहिलं. तिला कळलं होतं.

२ ऑगस्ट

१,७२०. आता फीड तीन तासांनी, ३४ एमएल, पण गेले दोन दिवस नळीला हातच लावावा लागला नाही. काही वेळा जास्त पितं, काही वेळा कमी. दिवसाची बेरीज जमते, लघवी सात-आठ वेळा.

दुपारी मी आईशेजारी उभी होते, नजर मॉनिटरवर, सॅच्युरेशन ९६. तिने बाळाला छातीपासून अलगद दूर केलं. मी विचारलं, का हो? "दमलं ते. भुवया बघा की." मी पाहिलं. खरंच वर गेल्या होत्या, अगदी किंचित. आकडा अजूनही ९६. माझ्याआधी तिने वाचलं.

संध्याकाळी नळी काढली. नळीच्या चिकटपट्टीखालचा गाल सहा आठवड्यांनी मोकळा झाला. आईने त्यावर बोट फिरवलं आणि बाळ त्या बाजूला तोंड वळवून शोधू लागलं.

६ ऑगस्ट

३६ आठवडे, १,८१० ग्रॅम. आज घरी. श्वासासाठी चालू असलेलं कॅफिन बंद करून अकरा दिवस झाले, एकदाही श्वास अडलेला नाही.

निघताना सूचना दिल्या: रात्रीही तीन तासांपेक्षा जास्त झोपू द्यायचं नाही, हळूच अंगावरचं कापड सैल करून, छातीशी घेऊन जागं करायचं. कांगारू चालू ठेवायचं. लघवी मोजायची. पिताना निळं पडलं, सुस्त वाटलं, दोन फीड सलग घेतले नाहीत तर लगेच यायचं. आशाताई घरी येऊन वजन करतील. आठवड्याने आम्हाला दाखवायचं.

आजी ऐकत होत्या. बोंडलं पुन्हा पदरात बांधलेलं. दारापाशी बाळाने जांभई दिली, तशी सून त्याला पाजायला बसू लागली. आजींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "दम धर. आत्ता नगं म्हनतंय त्ये."

९ ऑगस्ट

सकाळची पाळी. तीन नंबरवर नवीन बाळ आलंय, ३१ आठवड्यांचं जन्मलेलं, ते आता ३३ चं झालंय.

हँडओव्हर नव्या सिस्टरने दिलं. मी पेन उघडून आकड्याची वाट बघत होते. ती म्हणाली, "तीन नंबर. रात्रभर गाढ झोपलं. पहाटे एकदा जीभ काढली, मी आईला बोलावून छातीवर दिलं, पण शोधलं नाही, परत झोपलं. म्हणून दूध नळीनेच दिलं." मग शीट माझ्याकडे वळवून, "आणि २२ एमएल, मॅडम."

कडेच्या रकान्यात तिचं बारीक अक्षर होतं: अजून तयार नाही. वाट बघतोय.